फोन वीस मिनिटांनी का दमतो?

प्रश्न असा आहे : वर्षभरापूर्वी घेतलेला फोन, ८ जीबी रॅम, १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) स्क्रीन. बीजीएमआय या शंभर खेळाडूंच्या बंदुकीच्या गेमची पहिली मॅच एकदम स्मूथ जाते. दुसरी संपत येते तोवर फोनची पाठ चटके देऊ लागते, फ्रेम (स्क्रीनवर एकामागून एक येणारी चित्रं) ड्रॉप होतात आणि नेमक्या शेवटच्या झोनमध्ये गेम अडखळतो. फोनमध्ये दोष आहे का? खास गेमिंग फोन घ्यावा का?

दोष नाही. पहिल्या पाच मिनिटांत फोन जे करून दाखवतो ती त्याची उडी. पंचविसाव्या मिनिटाला जे उरतं ती त्याची चाल. खोक्यावर उडीचे आकडे छापलेले असतात, मॅच मात्र चालीवर खेळावी लागते. नवा फोन घेण्याआधी आहे त्याच फोनची चाल बरीच सुधारता येते. त्यासाठी आत काय होतं ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे कोणतं सेटिंग का बदलायचं हे पाठ करावं लागणार नाही.

कॉम्प्युटरमधलं दणकट ग्राफिक्स कार्ड २०० ते ३०० वॉट वीज खातं आणि उष्णता बाहेर फेकायला त्याला दोन-तीन पंखे असतात. बहुतेक फोनना पंखा नसतो. चिपची उष्णता ग्रॅफाइटच्या पातळ थरात किंवा व्हेपर चेंबरमध्ये (आत थोडं द्रव असलेल्या धातूच्या चपट्या डबीत) पसरते, तिथून पाठीवर येते आणि मग हवेत जाते. या वाटेने सलग बाहेर पडू शकते ती साधारण ३ ते ५ वॉट. वरच्या दर्जाच्या चिपला पूर्ण जोर लावला तर ती काही काळ १० वॉटच्याही पुढे जाते. हा जास्तीचा भार आधी फोनच्या अंगातच मुरतो, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच जाणवत नाही. पाठीचं तापमान ४३-४५ अंशांकडे जाऊ लागलं की फोन स्वतःच चिपचा वेग उतरवतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. तुमचा हात आणि बॅटरी दोन्ही वाचवण्यासाठी ते असतं. ते बंद करण्याचे जे 'जुगाड' व्हिडिओंमध्ये दाखवतात त्यांच्या वाट्याला जाऊ नका.

आता दोन हिशेब. पहिला विजेचा. चिप खाते ती वीज तिच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढते आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. ढोबळ मानाने वेग २० टक्के कमी केला तर वीज जवळजवळ निम्मी लागते. म्हणजे शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो.

दुसरा हिशेब वेळेचा. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजेच प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार हवी. समजा थंड असताना तुमचा फोन ती १४ मिलिसेकंदांत बनवतो. वेग २० टक्के उतरला की त्याच फ्रेमला १७.५ मिलिसेकंद लागतात. गाडी जेमतेम चुकली, पण चुकली ती चुकलीच. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ती फ्रेम पुढच्या रिफ्रेशपर्यंत, म्हणजे स्क्रीन पुन्हा चित्र बदलेपर्यंत, थांबते आणि एका फ्रेमचा वेळ दुप्पट होतो. म्हणून ६० चे हळूच ५२ झाल्यासारखं वाटत नाही, गचके बसतात.

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. नागपूर किंवा अकोल्यात दुपारी हवाच ४४-४५ अंश असेल तर ४३ अंशांच्या पाठीतून उष्णता बाहेर जाणार कुठे? तिथे कोणताही फोन पहिल्या मॅचमध्येच दमेल. कूलरच्या झोतात बसून खेळण्याने जो फरक पडतो तो कोणत्याही 'बूस्टर' अॅपने पडत नाही. ही बूस्टर अॅप्स काढूनच टाका.

इतक्या तुटपुंज्या विजेवर गेमिंग उभं राहिलं कसं, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असं, की कपडा माणसाच्या मापाने शिवावा तसे गेम फोनच्या मापाने शिवले गेले. १९९७ साली नोकिया ६११० वर आलेल्या स्नेकला चार दिशांच्या बटणांपलीकडे काही लागत नव्हतं. पुढे जावा गेम आले. सुरुवातीच्या साध्या फोनवर अख्खा गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे आणि प्रत्येक मॉडेलचा स्क्रीन आणि कीपॅड वेगळा म्हणून एकाच गेमच्या ढीगभर आवृत्त्या काढाव्या लागत. मुंबईच्या इंडियागेम्ससारख्या कंपन्या याच काळात वाढल्या. उलट वाटेने जाऊन पाहिलं नोकियाच्या एन-गेजने, २००३ मध्ये. गेमिंगचं हातातलं यंत्र आणि फोन एकत्र करायचे असा तो प्रयत्न होता. पण गेमचं कार्ड बदलायला बॅटरी काढावी लागायची आणि बोलताना फोनची कड कानाला लावावी लागायची. तो फसला.

१० जुलै २००८ रोजी अॅपलचं अॅप स्टोअर सुमारे ५०० अॅप्सनिशी उघडलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडचं दुकान आलं. गेम बनवणारा आणि खेळणारा यांच्यामधली मोबाइल सेवा देणारी कंपनी बाजूला झाली. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या फिनलंडच्या रोव्हिओच्या अँग्री बर्ड्समध्ये एकच क्रिया होती : बोटाने गलोल ताणायची आणि सोडायची. बटणांची नक्कल न करता बोटाला जे सहज जमतं त्यातून गेम काढायचा, हे त्याने सगळ्यांना शिकवलं. त्याच २००९ च्या ऑक्टोबरमध्ये अॅपलने फुकट अॅपच्या आत खरेदी करायला परवानगी दिली. धंद्याच्या दृष्टीने हा बदल मला आयफोनइतकाच मोठा वाटतो. कँडी क्रशमधले पाच जीव आणि एक जीव परत मिळायला लागणारी तीस मिनिटं पाहा. माणूस बसस्टॉपवर पाच-दहा मिनिटं खेळतो, मग फोन खिशात टाकतो, हे मोजून केलेली ती रचना आहे. नवी मुंबईच्या गेमेशनचा २०१६ मधला लुडो किंग आणखी साधा : स्वस्तातल्या फोनवर चालणारा, नेट नसलं तरी एकच फोन फिरवत घरच्यांनी खेळायचा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो घरोघरी पोहोचला यात नवल नाही.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल. शंभर खेळाडू, भलामोठा नकाशा, अर्ध्या तासाची मॅच. इथे माप बदललं. पाच मिनिटांच्या खेळासाठी घडलेल्या यंत्राकडून तीस मिनिटांची सलग धाव मागितली जाऊ लागली. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने तो गेम बंद केला, जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने त्याचीच भारतासाठीची आवृत्ती म्हणून बीजीएमआय आणला, तो जुलै २०२२ मध्ये सुमारे दहा महिन्यांसाठी अॅपच्या दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला; पण ही मागणी काही कमी झाली नाही. आज जगभरच्या गेमच्या उलाढालीत जवळपास निम्मा वाटा मोबाइलचा आहे आणि तुमची अडचण नेमकी या बदललेल्या मापातली आहे.

आता कामाकडे. आधी ठरवा की अडखळतंय काय. तुम्ही बोटाने नजर फिरवता तेव्हा सगळं दृश्यच गचके देत असेल तर फोन दमला आहे. दृश्य मऊ फिरतंय, पण समोरचा खेळाडू उड्या मारत पुढे सरकतोय, गोळी लागूनही नोंद उशिरा होतेय, तर नेटवर्क. दोन्हींना सगळे 'लॅग'च म्हणतात आणि मग नेटवर्कचा त्रास असलेला माणूस ग्राफिक्स उतरवत बसतो. गेममध्ये कोपऱ्यात दिसणारं पिंग (सर्व्हरला जाऊन यायला लागणारी मिलिसेकंदं) आणि फोनच्या गेम मोडमधला एफपीएस मीटर, दोन्ही चालू ठेवा आणि गचका बसला त्या क्षणी कोणता आकडा हलला ते पाहा.

फोनच दमत असेल तर पहिला बदल फ्रेम रेटमध्ये. बीजीएमआयमध्ये 'हाय' म्हणजे ३०, 'अल्ट्रा' म्हणजे ४०, 'एक्स्ट्रीम' म्हणजे ६० आणि 'एक्स्ट्रीम प्लस' म्हणजे ९० एफपीएस. ग्राफिक्स 'स्मूथ'वर ठेवा, सावल्या आणि अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा आणि पंचविसाव्या मिनिटाला जो आकडा टिकतो तोच पहिल्या मिनिटापासून लावा. ९० वर सुरुवात करून ४८ ते ७० मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा सलग ६० कधीही चांगले. हाताला लय सापडते ती फ्रेम ठरावीक अंतराने येण्यातून. शिवाय फोन कधीच पूर्ण जोराला जात नाही, म्हणून वर सांगितलेली महागडी वीज वाचते.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. फ्रेम रेटने स्क्रीनच्या हर्ट्झला पूर्ण भाग जायला हवा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ४० एफपीएस लावले तर एक फ्रेम एका रिफ्रेशपुरती, पुढची दोन रिफ्रेशपुरती, असं लंगडणं सुरू होतं. सरासरी ४० असूनही डोळ्याला ३० पेक्षा वाईट दिसू शकतं. तेच ४० एफपीएस १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेमला बरोबर तीन रिफ्रेश देतात. याच कारणाने १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर ९० थोडे लंगडतात आणि ६० साफ दिसतात. काही फोन गेम चालू होताच स्क्रीन स्वतःहून ६० हर्ट्झवर आणतात, तेव्हा डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'शो रिफ्रेश रेट' चालू करून गेमच्या आत खरा आकडा पाहून घ्या. (बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात.)

दुसरा मोठा खर्च पिक्सेलचा. १०८० बाय २४०० म्हणजे जवळजवळ २६ लाख पिक्सेल. ७२० बाय १६०० म्हणजे साडेअकरा लाख, निम्म्याहून कमी. गेममध्ये रिझोल्यूशन उतरवायची सोय असेल तर सहा-साडेसहा इंची स्क्रीनवर तो सौदा फायद्याचा आहे.

धुराचा बॉम्ब फुटला की फ्रेम का पडतात, हेही याच हिशेबात येतं. फोनमधला जीपीयू, म्हणजे चिपचा चित्र रंगवणारा भाग, दृश्याचे लहान लहान चौकोन पाडतो, एकेक चौकोन चिपच्या आतल्या छोट्या मेमरीत पूर्ण रंगवतो आणि तयार झाल्यावरच बाहेरच्या रॅमकडे पाठवतो. रॅमकडे ये-जा करण्यात खूप वीज जाते, ती अशी वाचते. भिंत, गाडी अशा अपारदर्शक गोष्टींमागचं रंगवायची गरजच नसते, म्हणून हे काम झपाट्याने होतं. धूर, आग, गवत मात्र एकमेकांवर अर्धपारदर्शक थरांचे. एकच पिक्सेल दहा-दहा वेळा रंगवावा लागतो. यावर इलाज म्हणजे 'स्मूथ' ग्राफिक्स, कारण त्यात हे थर कमी होतात. बाकी फोन कितीही महाग असला तरी धुरात थोडे फ्रेम जाणारच.

चार्जिंग लावून खेळू नका. चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते आणि ती चिपच्या शेजारीच असते. लागलंच तर बायपास चार्जिंग असलेला फोन पाहा. त्यात चार्जरची वीज बॅटरीत न जाता थेट फोनला मिळते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये हे फोनमध्येच असलेल्या गेम बूस्टरमध्ये 'पॉज यूएसबी पॉवर डिलिव्हरी' या नावाने असतं, त्याला पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर लागतो आणि बॅटरी २० टक्क्यांच्या वर असावी लागते. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. साडेचार वॉटने खेळलात तर चार तास निघतात. खेळायच्या आधी चार्ज करून घेणं सगळ्यात सोपं.

खेळताना कव्हर काढा. जाड रबरी कव्हर म्हणजे फोनला घातलेला स्वेटर आहे. ब्राइटनेस उतरवा, स्क्रीनचीही उष्णता त्याच डब्यात जमा होते. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका. आत दव धरतं. पाठीला चिकटवायच्या, विजेवर थाळी गार करणाऱ्या पेल्टिअर कूलरबद्दलही हीच काळजी. तो खरोखर काम करतो, पण पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात-गोव्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असते तेव्हा २७ अंशांखाली गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमतं. कूलरची थाळी त्याच्या बरीच खाली जाते. अशा हवेत कमी जोरावर चालवा आणि दर मॅचनंतर पाठ पुसा; नुसता पंख्याचा कूलर तिथे जास्त सुरक्षित. याच हवेत घामेजल्या बोटांमुळे टचही चुकतो. पातळ फिंगर स्लीव्ह वापरून पाहा, त्या स्वस्त असतात आणि उपयोगी पडतात.

रॅमचा गैरसमज दूर करायलाच हवा. ८ जीबीचे १२ केल्याने फ्रेम वाढत नाहीत. मध्येच आलेला फोन घेऊन परतल्यावर गेम पुन्हा पहिल्यापासून लोड होत नाही, एवढाच फायदा. 'व्हर्च्युअल रॅम' म्हणजे स्टोरेजचा एक तुकडा, तो खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी संथ. गेमसाठी तो बंद ठेवा. स्टोरेज मात्र १५-२० टक्के मोकळं असू द्या; ते गच्च भरलं की नकाशाचे नवे भाग आणताना हिसके बसतात. गेमचं मोठं अपडेट आलं की पहिल्या दिवशी गचके जास्त जाणवतात, कारण शेडर म्हणजे जीपीयूच्या सूचना नव्याने तयार होत असतात. त्या दिवशी थेट रँक मॅच खेळू नका, आधी पंधरा मिनिटं ट्रेनिंग ग्राउंडमध्ये गाडी, बंदुका, धूर सगळं वापरून घ्या.

नेटवर्कबद्दल थोडक्यात, कारण त्यात आपल्या हातात कमी आहे. या खेळाला स्पीड फारसा लागत नाही, लागतो तो ठरावीकपणा. पिंग सलग ६० असेल तर हाताला सवय होते. ३० ते १५० हेलकावत असेल तर नाही. प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर. म्हणजे सिंगापूरच्या सर्व्हरला जाऊन यायला कमीत कमी ४० मिलिसेकंद लागणारच आणि केबल काही सरळ जात नाही. कोणताही प्लॅन हे अंतर कमी करत नाही, म्हणून जवळचा सर्व्हर निवडा. घरी वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा वापरा, कारण अपार्टमेंटमध्ये २.४ वर शेजारच्या सगळ्यांची गर्दी असते. मोबाइल डेटावर खेळत असाल तर खिडकीजवळ बसा : रेंज कमी असली की फोनचा रेडिओ जास्त ताकद लावतो आणि तीही उष्णता त्याच पाठीवर येते.

हे सगळं करून झाल्यावर मोजा. कव्हर काढून, फोन खोलीच्या तापमानाला, बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास, चार्जर नाही. त्याच नकाशावर तीस मिनिटं खेळा आणि पाचव्या, पंधराव्या, पंचविसाव्या मिनिटाला एफपीएस लिहा. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि मधे फोन अर्धा तास थंड होऊ द्या, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळणार नाही.

आता खास गेमिंग फोन. रेड मॅजिकसारख्या काही फोनमध्ये आत खरा पंखा असतो, कडेला खांद्याची बटणं असतात. रोज दोन-तीन तास स्पर्धेचा सराव करणाऱ्याला ते उपयोगाचे. पण पंख्याला लागणाऱ्या वाटेने धूळही येते, आणि कॅमेरा, सॉफ्टवेअर अपडेट यांत बहुधा तडजोड असते. संध्याकाळी दोन मॅच खेळणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

साधा फोन घेतानाही एक चाचणी बघावी : थ्रीडीमार्कचा वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट. एका मिनिटाचं दृश्य तो वीस वेळा सलग चालवतो आणि शेवटी स्टेबिलिटीचा टक्का देतो, म्हणजे सगळ्यात कमी आलेला स्कोअर सर्वोत्तम स्कोअरच्या किती टक्के ते. नुसता टक्का पाहून फसू नका, सगळ्यात कमी आलेला लूप (एका फेरीचा) स्कोअर पाहा. एका फोनचा सर्वोत्तम स्कोअर ५००० आणि स्टेबिलिटी ५० टक्के, दुसऱ्याचा ३२०० आणि ९५ टक्के, असं धरा. पहिला शेवटी २५०० वर येतो, दुसरा ३०४० वर राहतो. खेळण्यासाठी दुसरा चांगला, आणि अनेकदा तोच स्वस्तही असतो. ही चाचणी एसी दुकानात केलेली असेल तर मे महिन्यातल्या तुमच्या खोलीचा विचार करून आकडे थोडे कमी धरा.

एकच गोष्ट मात्र कोणत्याही सेटिंगने सुटत नाही. सतत तापून वापरलेल्या फोनची पाठ फुगीर वाटली, किंवा स्क्रीन एखाद्या कडेने उचलल्यासारखा दिसला, तर बॅटरी फुगली आहे. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, कड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या.